सायकलस्वार दिसतो कधी, कळतो कधी

म्हैसूरचं हेब्बाळ महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना माहीत आहे. बंगळूरचं हेब्बाळ वेगळं. म्हैसूरचं हे हेब्बाळ शहराच्या वायव्येला, तळ्याकाठी वसलेलं, आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखलं जाणारं. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून इंजिनिअर झालेली हजारो मुलंमुली नोकरीचे पहिले काही महिने इथल्या इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रात काढतात. साडेतीनशे एकरांच्या आसपास पसरलेल्या त्या आवारात सायकल हे रोजचं वाहन आहे. वसतिगृहातून वर्गात, वर्गातून जेवायला, सगळीकडे सायकलनं. आत रस्ते रुंद आहेत, गाड्या मोजक्या आणि सावकाश चालणाऱ्या. तिथे सायकलस्वार दिसला नाही, असं सहसा होत नाही.

फाटकाबाहेरचा हिशेब वेगळा आहे. सुमारे ४२ किलोमीटरचा बाह्य रिंग रोड हेब्बाळजवळून जातो. कृष्णराजसागर धरणाकडे जाणारा केआरएस रोड त्याला छेदतो, आणि आसपास मेटगळ्ळी, हूटगळ्ळी, कूर्गळ्ळी हा सगळा कारखान्यांचा पट्टा. संध्याकाळी पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या, मालाचे ट्रक, टेम्पो आणि दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. त्यांच्याच मधून, डाव्या कडेनं, जेवणाचा डबा हँडलला अडकवून सायकलवर घरी निघालेला कामगार असतो. अंगावर कंपनीचा निळा किंवा करडा गणवेश, सायकल काळी, आणि उजेड उतरत चाललेला. रिंग रोडवरच्या बंद दिव्यांच्या बातम्या म्हैसूरच्या वर्तमानपत्रांत अनेकदा येऊन गेल्या आहेत.

म्हैसूरनं सायकलसाठी पुढाकार घेतलेला आहे. २०१७ साली इथे ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना ४५० सायकलींनिशी सुरू झाली. देशातल्या अशा पहिल्या मोठ्या योजनांपैकी ती एक. पण सायकल उपलब्ध करून देणं हे अर्धं काम झालं. ती चालवणारा माणूस गाडीवाल्याला वेळेवर दिसला पाहिजे आणि तो आता काय करणार आहे हे कळलं पाहिजे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सायकलस्वार ४,८०० च्या घरात होते. म्हणजे रोज सरासरी तेरा.

आधी गाडीवाल्याच्या बाजूनं पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात २५ मीटर संपलेले असतात. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. एकूण ४५. रस्ता ओला असेल तर याहून कितीतरी जास्त. आता डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस किती लांबून दिसतो? फार तर तीस-चाळीस मीटरवरून. सायकलही पुढे जात असते म्हणून थोडी सवलत मिळते. पण सायकल चौकात आडवी वळत असेल तर तीही मिळत नाही. म्हणजे ड्रायव्हर शुद्धीत आहे, वेग नियमात आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि तरीही गणित जुळत नाही. ते जुळवायचं तर सायकलस्वार शंभर-दीडशे मीटरवरून दिसायला हवा.

इथे बहुतेकांचा सल्ला एकच असतो: भडक कपडे घाला. सल्ला चुकीचा नाही, पण तो दिवसापुरता आहे. दिवस, तिन्हीसांज आणि रात्र या तिन्ही वेळांना डोळा वेगवेगळ्या तऱ्हेनं काम करतो, म्हणून उपायही तीन आहेत.

दिवसा कामाला येतो तो फ्लुरोसंट रंग. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या अंगात पोपटी-पिवळं जॅकेट असतं, तोच. सूर्यप्रकाशातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण हा रंग शोषतो आणि दिसणाऱ्या उजेडाच्या रूपानं बाहेर टाकतो, म्हणून तो आजूबाजूच्या प्रत्येक रंगापेक्षा उजळ वाटतो. ढगाळ हवेत, पावसात, सूर्य कलल्यावर त्याचा फायदा विशेष जाणवतो. पण सूर्य बुडाला की अतिनील किरण संपले आणि रंगाची जादूही संपली. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर पोपटी जॅकेट आणि मळका सदरा यांत फारसा फरक उरत नाही, कारण त्या दिव्याचा उजेडच जवळजवळ एका रंगाचा असतो.

तिन्हीसांजेला आणखी एक गोष्ट घडते. उजेड कमी होत जातो तसा डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींचा जोर ओसरतो आणि मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी काम हाती घेतात. या दुसऱ्या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे टिपलं: दुपारी ठसठशीत दिसणारी लाल फुलं संध्याकाळी काळी पडतात, आणि निळी-हिरवी पानं त्या मानानं उजळ राहतात. दुपारी नजरेत भरणारा लाल टीशर्ट संध्याकाळी साडेसहाला काळ्या सदऱ्याइतकाच निरुपयोगी ठरतो, तो यामुळे. पाळी सुटण्याची वेळ बहुधा हीच असते.

रात्री कामाला येतो तो रिफ्लेक्टर. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या मडगार्डवर खाली पांढरा पट्टा रंगवलेला असतो आणि तिथेच एक लाल रिफ्लेक्टर बसवलेला असतो. तो रिफ्लेक्टर एकदा जवळून पाहावा. लाल प्लास्टिकच्या आत बारीक बारीक कोपरे दिसतील, खोलीचा कोपरा असतो तसे तीन भिंतींचे. प्रकाशकिरण त्या तीन भिंतींवर आपटून जिथून आला त्याच दिशेनं परत जातो. आरशासारखा भलतीकडे निघून जात नाही. गाडीचा दिवा आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ असल्यामुळे परतलेला उजेड नेमका त्याच्या डोळ्यांत शिरतो. शे-दीडशे मीटरवरचा एवढासा प्लास्टिकचा तुकडा म्हणूनच निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. चंदेरी पट्ट्यांमध्ये हेच काम काचेचे सूक्ष्म मणी किंवा सूक्ष्म लोलक करतात.

याची परीक्षा घरी घेता येते. अंधारात सायकल दहा पावलांवर उभी करा. मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून रिफ्लेक्टरकडे पाहा. तो झगझगेल. आता टॉर्च त्याच्यावरच रोखून ठेवत हात बाजूला लांब करा. रिफ्लेक्टर एकदम मलूल होईल, कारण उजेड टॉर्चकडे परत चालला आहे, डोळ्यांकडे नाही. या छोट्या प्रयोगातून हेब्बाळसारख्या ठिकाणची एक मोठी अडचण समजते. कारमध्ये ड्रायव्हर हेडलाइटच्या थोडा वर बसतो. ट्रकमध्ये तो बराच उंच बसतो. म्हणजे तोच रिफ्लेक्टर ट्रकवाल्याला कारवाल्यापेक्षा मंद दिसतो. आणि आडव्या रस्त्यावरून चौकात येणाऱ्या गाडीचे दिवे आपल्यावर पडलेलेच नसतील, तर तिच्या ड्रायव्हरला रिफ्लेक्टर दिसणारच नाही. त्यामुळे रिफ्लेक्टर असला तरी स्वतःचा दिवा लागतोच. केंद्र सरकारनं २०२० साली सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी आदेश काढला, ही चांगली गोष्ट झाली. पण रस्त्यावर धावणाऱ्या लाखो जुन्या सायकलींवरचे रिफ्लेक्टर फुटलेले, चिखलानं माखलेले किंवा गळून पडलेले आहेत. ओल्या फडक्यानं तो पुसण्याइतकं स्वस्त सुरक्षेचं साधन दुसरं नसेल.

इथवर दिसण्याचं झालं. आता कळण्याकडे येऊ, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. अंधारात एक लाल ठिपका दिसला, तर तो सायकलचा आहे, उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा, की कडेच्या खांबाचा? किती लांब आहे? हलतो आहे की स्थिर? ड्रायव्हरला ठिपका दिसला तरी माणूस कळला असं होत नाही. १९७३ साली गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, घोट्यांना प्रकाशाचे ठिपके लावायचे आणि अंधारात फक्त ते ठिपके दिसतील असं चित्रीकरण करायचं. माणूस स्थिर असेल तर पाहणाऱ्याला काही बोध होत नाही. तो चालू लागला की क्षणार्धात ओळख पटते: हा माणूस आहे, चालतो आहे. हातापायांची लय ओळखण्याची ही शक्ती आपल्या मेंदूत पक्की बसलेली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्ञान सायकलसाठी वापरून पाहिलं. बंद रस्त्यावर रात्री माणसांना गाडी चालवायला दिली आणि वाटेत वेगवेगळ्या कपड्यांतले सायकलस्वार ठेवले. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार ओळखला गेला तो शंभरातून दोनच वेळा. फ्लुरोसंट जॅकेटनं रात्री फारसं काही साधलं नाही. चमकणाऱ्या पट्ट्यांच्या जॅकेटनं प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. आणि त्याच जॅकेटच्या जोडीला गुडघ्यांवर व घोट्यांवर पट्ट्या बांधल्या तेव्हा ते ९० टक्क्यांवर गेलं. पाठीवरची पट्टी नुसती चमकते; घोट्यावरची पट्टी वरखाली होते, आणि वरखाली होणारं असं दुसरं काही रस्त्यावर नसतं. पेडलला असलेले पिवळे रिफ्लेक्टर तेच काम करतात. ते तुटले की आपण दुर्लक्ष करतो. खरं तर सायकलवरच्या सगळ्या रिफ्लेक्टरांत सर्वांत बोलके तेच आहेत.

दिव्याचा इतिहास मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. पुण्यात आणि इतर शहरांत एके काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे आणि अंधार पडल्यावर दिवा लागे. दिवा नसला की चौकातला पोलीस अडवी. आधी घासलेटचे दिवे होते, मग डायनॅमो आला. डायनॅमोची चकती टायरला टेकली की सायकल जड चाले. आणि खरी गोम पुढे होती, चाक थांबलं की दिवा विझे. म्हणजे चौकाच्या मधोमध, उजवीकडे वळायची वाट पाहत असताना, धोका सर्वांत जास्त तेव्हाच सायकलस्वार अंधारात. आजच्या बॅटरीवरच्या एलईडी दिव्यांनी ही अडचण संपवली आहे. पुढे पांढरा, मागे लाल, एवढा जोड आता थोडक्या पैशांत मिळतो आणि चार्जिंग मोबाइलच्या चार्जरवर होतं.

दिवा फक्त रात्रीसाठी, ही समजूतही सोडून द्यावी. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये सुमारे चार हजार सायकलस्वारांचा अभ्यास झाला. त्यांतल्या अर्ध्यांच्या सायकलींना चाकाच्या फिरण्यावर चालणारे, दिवसरात्र पेटते राहणारे दिवे बसवले. वर्षाअखेरीस त्यांचे दुखापतीचे अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. गाडीशी किंवा दुसऱ्या कोणाशी टक्कर होऊन झालेल्या अपघातांत फरक याहून मोठा होता.

लुकलुकणारा दिवा चांगला की स्थिर? लुकलुकणारा लक्ष चटकन वेधतो, पण त्यावरून अंतराचा आणि वेगाचा अंदाज बांधणं अवघड जातं. जर्मनीत सायकलच्या मुख्य दिव्याला लुकलुकण्याची परवानगीच नाही. म्हैसूरच्या बाबतीत मात्र एक वेगळा विचार करावा लागतो. दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे पेटतात आणि शहरातले प्रमुख रस्ते रोषणाईनं भरून जातात. अशा झगमगाटात एक छोटा स्थिर दिवा हरवून जातो. दिव्याचं दिसणं त्याच्या प्रखरतेइतकंच त्याच्या मागच्या पडद्यावर अवलंबून असतं. म्हणून मागे एक स्थिर आणि एक लुकलुकणारा असे दोन दिवे ठेवावेत: एकानं लक्ष वेधावं, दुसऱ्यानं जागा सांगावी. पुढचा दिवा मात्र थोडा खाली झुकवावा. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याला आपणही दिसत नाही आणि रस्ताही.

आता हातांची भाषा. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ता-नियमांत हाताचे पाच इशारे दिलेले होते. उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा, तळवा समोर. थांबायचं तर उजवा हात कोपरातून उभा, तळवा उजवीकडे. वेग कमी करायचा तर हात बाहेर, तळवा खाली, आणि हात वरखाली. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं तर हात मागून पुढे हलवायचा. आणि डावीकडे वळायचं तर? उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. हे सगळे इशारे उजव्या हातानं का, याचं उत्तर सोपं आहे. ते मोटारचालकासाठी लिहिले होते आणि तो गाडीत उजव्या बाजूला बसतो. डावा हात बाहेर काढणार कुठून?

सायकलस्वाराला ही अडचण नाही. त्याचे दोन्ही हात मोकळ्या हवेत आहेत. शिवाय इंडिकेटरच्या जमान्यात गाडी शिकलेल्या किती जणांना गोल फिरणाऱ्या हाताचा अर्थ लागेल? पुष्कळांना तो ‘पुढे जा’ असाच वाटेल, आणि डावीकडे वळणाऱ्या सायकलला डावीकडून ओलांडायला गाडी पुढे घुसेल. म्हणून डावीकडे वळताना डावा हात सरळ आडवा करावा. तो कोणत्याही भाषेच्या, कोणत्याही वयाच्या ड्रायव्हरला कळतो. हेब्बाळमध्ये हे महत्त्वाचं आहे, कारण इथल्या ट्रकांवर कन्नड, तमिळ, मराठी, हिंदी बोलणारे ड्रायव्हर असतात.

इशाऱ्यात हात हा दुसरा भाग. पहिला भाग मान. समजा केआरएस रोडला उजवीकडे वळायचं आहे. चौक शंभर मीटरवर असतानाच उजव्या खांद्यावरून मागे पाहावं. मागच्या ड्रायव्हरला सायकलस्वाराचा चेहरा दिसला की काहीतरी होणार हे त्याला तिथेच समजतं. कित्येक जण हात निघायच्या आत वेग कमी करतात. जागा असेल तर हात आडवा करावा, पूर्ण ताणून, दोन-तीन सेकंद. अर्धवट वाकवलेला हात खाज सुटल्यासारखा दिसतो, इशारा म्हणून कोणी तो धरत नाही. मग हात परत हँडलवर, कारण वळताना दोन्ही ब्रेक हाताशी हवेत. पुन्हा एकदा मागे नजर, आणि मगच रस्त्याच्या मध्याकडे सरकावं. मागून गाड्यांचा लोंढा येत असेल तर हट्ट धरू नये. डाव्या कडेनं चौक सरळ पार करावा, पलीकडे थांबून सायकल वळवावी आणि हिरवा दिवा पडला की सरळ निघावं. यात अर्धा मिनिट जास्त जातो. जड वाहनांच्या रस्त्यावर तो खुशाल जाऊ द्यावा.

रस्त्यावर कुठे चालवायची, हाही इशाराच आहे. भिडस्तपणे अगदी कडेला, गटाराच्या झाकणांवरून चालवणारा सायकलस्वार सुरक्षित वाटतो, पण तो ड्रायव्हरच्या नजरेच्या टापूबाहेर असतो. खड्डा आला की त्याला अचानक उजवीकडे यावं लागतं, आणि ते कोणालाच अपेक्षित नसतं. कडेपासून हातभर-दीड हात आत, सरळ रेषेत चालवावी. उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवावं. नागमोडी जाणाऱ्याचा अंदाज कोणाला बांधता येत नाही. सरळ जाणाऱ्याचा सगळ्यांना येतो.

ट्रक आणि बसच्या डाव्या बाजूचा मामला सर्वांत गंभीर. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. केबिनच्या डाव्या दाराखालचा भाग त्याला थेट दिसत नाही, आरशातही पुरता दिसत नाही. पूर्वी क्लीनर डाव्या बाजूचा डोळा होता. दारावर थाप मारून तो सांगे. आता पुष्कळ ट्रक एकट्या ड्रायव्हरवर चालतात. डावीकडे वळताना लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि कडेला उभ्या सायकलला चेपतात. इथे जॅकेट, दिवा, रिफ्लेक्टर कशाचाही उपयोग नाही, कारण पाहणारा डोळाच तिथे पोचत नाही. नियम एकच: सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे शिरायचं नाही. मागे थांबायचं. ट्रकचा आरसा दिसत नसेल तर त्या आरशात आपणही नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी जीव वाचतो.

हे सगळं सायकलस्वारानं करावं, म्हणून सांगितलं. पण ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं आहे. बारा तास राबून घरी जाणाऱ्या माणसाकडे दिवा घ्यायला पैसे नसतील, किंवा त्याला कोणी सांगितलंच नसेल. ज्यांच्या हाती अधिकार आहेत त्यांना इथे पुष्कळ करता येईल. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या कारखान्याच्या आत हेल्मेट आणि बूट सक्तीचे करतात. फाटकाबाहेर जाणाऱ्या सायकलला चमकती पट्टी आणि घोट्यासाठी एक पट्टा देणं त्यांच्या दृष्टीनं किरकोळ खर्चाचं आहे. गणवेश शिवतानाच पँटच्या पायावर आणि बाहीवर पट्टी घालून घेतली तर वेगळं काही बांधायलाही नको. पालिकेनं रिंग रोडचे दिवे चालू ठेवावेत, सर्व्हिस रोडवरची गाड्यांची रांग हटवावी. आरटीओच्या परीक्षेत सायकलस्वाराच्या इशाऱ्यांवर एक प्रश्न असावा, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये डावीकडे वळण्याआधी डावा आरसा पाहण्याची सवय लावावी. म्हैसूरला हे अवघड नाही. पुण्यात, नाशिकमध्ये, चाकणच्या आणि सातपूरच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर तर हे आजच व्हायला हवं, कारण तिथलाही कामगार अशाच काळ्या सायकलवर, अशाच उतरत्या उजेडात घरी निघतो. त्याला घरी पोचवण्याचा खर्च एका मीटर पट्टीचा आहे, आणि तो खर्च त्याच्याकडून काम करून घेणाऱ्यांनी उचलला पाहिजे.